अंगणातली झुकझुक गाडी : किल्ल्याशेजारी रूळ टाकायचे तर आधी पाण्याची वाट काढा

खंडाळा : खंडाळा म्हटलं की बाहेरच्या माणसाला लोणावळ्याशेजारचा खंडाळा आणि बोरघाटातली रेल्वे आठवते. पण आपल्या खंडाळा तालुक्यालाही रेल्वे आहे. पुणे-मिरज मार्गावरचं लोणंद आपलंच आणि आता तिथूनच फलटणचा फाटा निघतो. तालुक्याच्या पश्चिमेला शिरवळकडे महामार्गाचा आवाज, तर पूर्वेला लोणंदकडे गाडीचा भोंगा. सुट्टीत गावी आलेली नातवंडं लोणंदच्या बाजूला असली की भोंगा ऐकून पळत बाहेर येतात. गाडी जाते आणि पोरं पुन्हा मोबाईल घेऊन बसतात.

ही गाडी लहान करून अंगणात आणता येते का? येते. परदेशात 'बागेतली रेल्वे' हा जुना छंद आहे आणि त्यासाठी आजोबा मंडळी वर्षानुवर्षं खपतात. आपल्याकडे हे फारसं कुणी करत नाही, पण त्यातलं निम्मं काम आपल्या पोरांना आधीच येतं. दिवाळीचा किल्ला करताना दगड रचणं, माती लिंपणं, हळीव-मोहरी पेरून हिरवळ उगवणं, रस्ते काढणं, घरं ठेवणं हे सगळं ती करतातच. त्यात रूळ टाकले की झाली रेल्वे.

तरी अनेकांची अशी हौस पहिल्याच पावसात वाहून जाऊ शकते. म्हणून गाडी विकत घेण्याआधी हे सगळं नीट समजून घेतलेलं बरं.

पुण्यातलं उदाहरण

छोट्या रेल्वेचं मराठी माणसाने उभं केलेलं मोठं काम बघायचं तर कोथरूडला कर्वे रस्त्यावर जावं. तिथे जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जपलेल्या छंदातून ते उभं राहिलं. आधी त्यांनी हलवता येईल असं छोटं शहर तयार केलं आणि १९८२ मध्ये पुण्यात लोकांना दाखवलं. लोकांना ते आवडलं, पण दर वेळी सगळं सोडायचं, न्यायचं आणि पुन्हा जोडायचं हे जिकिरीचं होतं. शेवटी कायमची जागा केली आणि १ एप्रिल १९९८ रोजी संग्रहालय सुरू झालं. गाड्यांबरोबर रस्ते, सर्कस, मोकळ्या मैदानातला सिनेमा असं अख्खं गाव तिथे आहे. दिवे मालवून रात्र केली की ते गाव उजळतं. पुढच्या पिढीने ते चालू ठेवलं आहे.

शिरवळहून कोथरूड एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. रूळ टाकण्याआधी नातवंडांना घेऊन एक चक्कर मारावी. पण एक फरक लक्षात ठेवावा. ते काम छपराखालचं आहे. अंगणात ऊन, पाऊस, कोंबड्या, कुत्री आणि मुंग्या सगळेच पाहुणे येतात. त्यामुळे तिथली नाजूक गाडी इथे टिकायची नाही. घरातल्या छोट्या रेल्वेचं एक नेहमीचं माप म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. त्यात दोन रुळांमधलं अंतर जेमतेम साडेसोळा मिलिमीटर असतं. एक खडा पडला तरी गाडी घसरते.

बागेसाठी कोणतं माप?

बागेसाठी जगभर ४५ मिलिमीटर अंतराचे रूळ वापरतात. जर्मनीतल्या लेहमान कंपनीने १९६८ मध्ये 'एलजीबी' नावाची गाडी याच मापात बाजारात आणली आणि हे माप रूढ झालं. ती गाडी खऱ्याच्या साडेबाविसाव्या भागाची, म्हणजे खऱ्या साडेबावीस मीटरचा इथे एक मीटर.

यात आपल्यासाठी एक गंमत आहे. एक हजार मिलिमीटरला साडेबाविसाने भागलं की साधारण ४४ येतात. म्हणजे हे ४५ मिलिमीटरचे रूळ मीटरगेजचं छोटं रूप आहेत. पुणे-मिरज मार्गही आधी मीटरगेजच होता. १९७० च्या सुमारास तो ब्रॉडगेज झाला. तालुक्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी आजोबांनी लोणंदला ती मीटरगेजची गाडी पाहिलेली असणार. नातवाला दाखवायला हीच गाडी चांगली.

या मापात सहा फुटी माणूस आठ सेंटिमीटरचा होतो. किल्ल्यावरचे बरेचसे मावळे साधारण एवढेच असतात, तेव्हा स्टेशनवर प्रवासी म्हणून तेच उभे करता येतील.

परदेशी तयार संच मात्र महाग पडतो. इथे येईपर्यंत एका सुरुवातीच्या संचाचा खर्च काही दहा हजारांत जातो. म्हणून दुसरा मार्ग बघू.

आधी गाडी, मग रूळ

खेळण्यांच्या दुकानात किंवा जत्रेत पेन्सिल सेलवर चालणारी मोठ्या चाकांची गाडी मिळते. तिच्याबरोबरचे प्लॅस्टिकचे रूळ उन्हात तडकतात, पण गाडी कामाची असते. अशा गाड्यांची मापं सारखी नसतात. म्हणून गाडी आधी आणावी, दोन चाकांमधलं अंतर पट्टीने मोजावं आणि त्याप्रमाणे रूळ करावेत. चाक अडकू नये म्हणून एक-दोन मिलिमीटर जास्त ठेवावेत. उलट केलं, म्हणजे आधी रूळ केले आणि मग गाडी शोधत बसलं, तर रूळ भंगारात जातात.

सेल गाडीतच असल्याने रुळांतून वीज द्यायची गरज नाही. हा मोठा फायदा आहे. रूळ गंजले, धूळ बसली, शेण-माती लागली तरी गाडी थांबत नाही आणि अंगणात वायरी ओढाव्या लागत नाहीत.

जागा केवढी?

पंधरा फूट लांब आणि पाच फूट रुंद जागा पुरते. दोन्ही टोकांना अर्धं वर्तुळ आणि मध्ये दोन सरळ बाजू, असा अंड्यासारखा आकार घ्यावा. वळणाची त्रिज्या ६० सेंटिमीटरपेक्षा कमी नको. त्याहून तीव्र वळणावर डबे रुळावरून उतरतात. सरळ बाजू तीन-तीन मीटरच्या घेतल्या तर एक फेरी साधारण दहा मीटरची होते. गाडी सेकंदाला ३० सेंटिमीटर चालली तर अर्ध्या मिनिटात फेरी पूर्ण होईल. खऱ्या गाडीच्या हिशोबात हा वेग तासाला सुमारे २५ किलोमीटर. स्टेशनात शिरणाऱ्या गाडीसारखा दिसतो.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. पागोळ्या पडतात त्या रेषेत रूळ नकोत. मोरीचं किंवा गोठ्याचं पाणी जातं त्या वाटेवर नकोत. आणि मोटारसायकल, ट्रॅक्टर वळवायच्या जागेवर तर मुळीच नकोत.

पाया : खरं काम इथेच आहे

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर थेट रूळ ठेवले तर वर्षाच्या आत ते लाटांसारखे दिसायला लागतात. यावर दोन उपाय आहेत.

पहिला, जमिनीवर. रुळाच्या वाटेने एक वीत रुंद आणि चार-सहा इंच खोल चर काढावा. काळी माती उचलून टाकावी, मुरूम भरून पाणी मारून धुमसावा आणि वर क्रशरवरची बारीक खडी दोन बोटं टाकावी. चराला एका बाजूने उतार देऊन पाणी बाहेर काढावं. खरी रेल्वेही रुळाखाली खडी याचसाठी टाकते. खडीतून पाणी निघून जातं आणि वजन सगळीकडे सारखं पसरतं.

दुसरा, उंचावर. सिमेंटचे ठोकळे दीड-दोन फूट उंच रचून त्यावर शहाबादी फरशीचे तुकडे ठेवायचे. जमीन ओली झाली तरी रुळाला फरक पडत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना खाली बसावं लागत नाही आणि गाडी पोराच्या नजरेसमोर येते. फरशी हलत नाही ना, हे मात्र तपासावं. पोरं तिच्यावर रेलतात. कडेची फरशी सिमेंटने पक्की करावी.

दोन्हीत पातळी महत्त्वाची. त्यासाठी गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी वापरावी. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं, हे नातवाला दाखवावं. शाळेतलं विज्ञान तिथे डोळ्यांनी दिसतं.

चढ हवाच असेल तर एका मीटरला दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. बोरघाटातला अवघड चढ ३७ ला एक आहे, म्हणजे मीटरला पावणेतीन सेंटिमीटरपेक्षाही थोडा कमी. नेरळ-माथेरानची छोटी गाडी २० ला एक असा चढ चढते, पण त्यासाठी तिला खास ताकदीचं इंजिन लागतं. खेळण्यातल्या गाडीची चाकं एवढ्या चढावर नुसती जागच्या जागी फिरतात.

रूळ घरी कसे करायचे?

१२ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी घ्यावी. दहा मीटरच्या फेरीला दोन्ही रूळ धरून वीस मीटर लागते. वजन साडेपाच ते सहा किलो. ही पट्टी उभी बसवायची असल्याने वळणावर ती हाताने सहज वाकते.

स्लीपरसाठी सुताराकडच्या बाभळीच्या किंवा सागवानाच्या उरलेल्या पट्ट्या चालतात. नऊ सेंटिमीटर लांब आणि बोटाएवढ्या जाड. प्रत्येकीवर करवतीने दोन खाचा पाडायच्या, पाच मिलिमीटर खोल. खाचांमधलं अंतर गाडीच्या मापाचं. दर पाच सेंटिमीटरला एक स्लीपर धरली तर दहा मीटरला दोनशे लागतात. एकाच मापाच्या दोनशे खाचा-जोड्या पाडायच्या म्हणजे लाकडाचा एक साचा आधी करून घ्यावा. स्लीपरला जुनं इंजिन ऑइल फासायची सवय आपल्याकडे आहे, पण पोरं हात लावणार असल्याने इथे ते नको. जवसाचं तेल लावावं. पट्टीला रेड ऑक्साइड मारावा आणि वाळल्यावरच पोरांच्या हाती द्यावा.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. लोखंड उन्हात वाढतं. पहाटेची थंडी आणि एप्रिलच्या दुपारचं तापलेलं लोखंड यांत ४० अंशांचा फरक धरला तर दहा मीटर रूळ सुमारे पाच मिलिमीटर लांबतो. सलग जोडला तर तो वाकून बाहेर येतो. म्हणून दोन-दोन मीटरचे तुकडे करून प्रत्येक जोडावर दीड मिलिमीटर मोकळं सोडावं. जुन्या रेल्वेगाडीचा 'खडक-खडक' आवाज अशाच मोकळ्या जोडांवरून यायचा.

वीज आणि बाकीचे धोके

तयार संच घेतला आणि त्याचे रूळ विजेवर चालणारे असले तर रुळात १८ ते २४ व्होल्टपर्यंत वीज असते. ती धोक्याची नाही. धोका असतो तो घरातल्या २३० व्होल्टच्या वायरीचा. अ‍ॅडाप्टर घराच्या आत, कोरड्या जागी ठेवावा आणि बाहेर फक्त कमी व्होल्टची वायर आणावी. ओल्या अंगणात एक्स्टेंशन बोर्ड कधीही आणू नये. घरात ईएलसीबी बसवलेला नसेल तर गाडीच्या आधी तो बसवावा. त्याचा उपयोग सगळ्या घराला होईल.

फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरीही अशा रुळांना चालते. गाडी जरा सावकाश जाते, तेच बरं. पण वायरीत दोन अँपिअरचा फ्यूज घालावा, कारण रुळावर खिळा आडवा पडला तर वायर तापून पेटू शकते. पंपाला औषधाचा अंश लागलेला असतो. बॅटरी काढून, पुसून, साबणाने हात धुऊनच हे करावं. पंप पोरांच्या हाती देऊ नये.

बाकीचे धोके असे :

– बटणासारखे गोल सेल आणि लहान लोहचुंबक तीन-चार वर्षांच्या पोराच्या पोटात गेले तर जिवावर बेततं. असे भाग असलेली गाडी लहानग्यांपासून दूर ठेवावी. गिळल्याचा नुसता संशय आला तरी लगेच दवाखाना गाठावा.

– रचलेल्या दगडांत विंचू बसतात, आणि बोगदा त्यांना आयताच मिळतो. बोगदा हातभराहून लांब करू नये. गाडी आत अडकली तर हात घालण्याआधी टॉर्च मारावी आणि काठीने ढोसावं. किल्ल्याच्या भुयाराचंही तेच.

– पोरं विचारतातच, 'यावर बसता येईल का?' नाही. माणूस बसेल अशा गाडीला मोठ्या मापाचे रूळ, ब्रेक आणि पक्का पाया लागतो. पुण्यात पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ पासून पोरांना फिरवत आली आहे. हौस तिथे भागवावी. जुन्या मोटारसायकलचं इंजिन लावून घरी बसायची गाडी करू नये.

– खडी किंवा जुना खिळा आणायला लोणंदच्या रुळांवर जाऊ नये, पोरांना तर पाठवूच नये. रुळांच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणं रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रेल्वेचं सामान उचललं तर चोरीचा गुन्हा वेगळाच.

याच ठिकाणी अंगणातली रेल्वे खऱ्या उपयोगाची आहे. तिच्यावर एक फाटक करावं. खेळण्यातला ट्रॅक्टर रुळावर ठेवून गाडी सोडावी आणि नातवाला ती ऐनवेळी थांबवायला सांगावं. बटण दाबेपर्यंत ती आदळलेली असते. खरी गाडी तर ब्रेक मारल्यावरही शेकडो मीटर पुढे जाते. फाटक बंद असताना खालून वाकून का जायचं नाही, हे दहा वेळा सांगण्यापेक्षा एकदा दाखवलेलं पोराच्या लक्षात राहतं.

गाव वसवणं पोरांवर सोडा

पाया आणि रूळ मोठ्यांनी करावेत. पुढचं काम पोरांचं. स्टेशनची पिवळी पाटी आणि तिच्यावर काळी अक्षरं, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. नाव लोणंदच हवं असं नाही, आपल्या वस्तीचं नाव घालावं. ज्या गावात कधी रेल्वे येणार नाही तिथेही अंगणात स्टेशन होऊ शकतं. काडेपेटीची घरं, खोक्याची शाळा, बाटलीच्या झाकणांची विहीर. खंबाटकीचा बोगदा हवाच असला तर गाडी रुळावर ठेवून चारी बाजूंनी तीन बोटं मोकळी राहतील एवढा करावा.

शेतं मात्र खरी पेरावीत. घटाला धान पेरतात तसंच. मोहरी आणि हळीव तीन-चार दिवसांत दिसू लागतात, मेथी त्यापाठोपाठ. ज्वारी-गहू बोटभर वाढले की गाडीच्या मापात तो ऊस दिसतो. कायमच्या झाडांत ऑफिस टाइमची फुलं आणि पानओवा चालतो. हरळी म्हणजेच दूर्वा रुळापासून लांब ठेवाव्यात, महिनाभरात त्या खडीत शिरतात.

नातवंडं गावात दिवाळीत आणि मे महिन्यात येतात. मधल्या काळात रूळ झाडणं आणि रोपांना पाणी घालणं आजी-आजोबांकडे येतं. तेव्हा सगळं एकाच सुट्टीत संपवू नये. या दिवाळीत साधी फेरी आणि स्टेशन, मे महिन्यात पूल, पुढच्या दिवाळीत फाटा. काम शिल्लक असलं की पोरं फोनवर 'कधी आलात?' विचारायच्या आधी 'रूळ ठीक आहेत ना?' विचारतात. आजोबांनी सगळं एकट्याने पूर्ण करून ठेवलं तर पोरं दोन दिवस बघतात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मोबाईल घेतात.

पावसाळ्यात गाडी बंद

लोणंदच्या बाजूला परतीचा पाऊस जोर धरतो, शिरवळकडे आधीचा. त्यामुळे पाऊस पुरता उघडल्यावर, माती मऊ असतानाच पाया करायला घ्यावा. दिवाळी ते मे गाडी चालवावी. गाडी आणि सेल रोज संध्याकाळी घरात न्यावेत. जूनच्या तोंडावर सेल काढून गाडी डब्यात भरावी. रूळ पाच-सहा तुकड्यांचे असल्याने तेही उचलून पडवीत ठेवता येतात. पाया आणि फरशी तेवढी बाहेर राहील.

यात कमीपणा नाही. १९०७ पासूनची नेरळ-माथेरानची गाडीही दर पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज एवढी बंद ठेवतात, कारण घाटात दरडी आणि पाणी येतं. शेवटचा छोटा टप्पा तेवढा चालू राहतो. पाऊस सरला की वाट तपासून पुन्हा पूर्ण गाडी सोडतात. अंगणातही तसंच करावं. ऑक्टोबरमध्ये खडी वरखाली करावी, पाण्याची नळी लावून पातळी बघावी, गंज घासावा, आणि पहिली गाडी नातवंडं आल्यावर त्यांच्याच हाताने सोडावी.